वाटणीत न बसलेला महिना

गोरेगावच्या मनकर्णाबाईला कोणी कमरेचं विचारलं, की ती म्हणायची, "व्हती की कंबर, चार वर्सांखाली." चार वर्षांखाली तिची सासू पार्वतीबाई न्हाणीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि म्हातारी खाटेला खिळली. हाड सासूचं मोडलं, कंबर सुनेची गेली. मनकर्णा तेव्हा पन्नाशीची होती, आता चोपन्नची आहे, आणि दिसते पासष्टीची. तोंडानं फटकळ, हातानं चलाख. पण अलीकडं ती बसल्या जागी डोळे मिटायची, आणि कोणी हाक मारली तर आधी "आले, आले" म्हणायची, मग विचारायची, "कोण बोलावलं?"

आता आईची वाटणी कशी झाली होती ते ऐका, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सासरे गेले तेव्हा दोघा भावांनी शेत वाटलं, विहिरीचं पाणी दिवसांनी वाटलं आणि आई महिन्यांनी वाटली. चैत्र थोरल्या वैजनाथकडं, म्हणजे मनकर्णाच्या नवऱ्याकडं, गोरेगावात. वैशाख धाकट्या सोनाजीकडं सेनगावात, तो तिथं शाळेत क्लार्क आहे. ज्येष्ठ परत थोरल्याकडं. असे एकाआड एक. अमावास्या झाली की दुसऱ्या दिवशी जीप सांगायची, सीटवर गोधडी अंथरायची, म्हातारीला आडवं घालायचं, तिचं गाठोडं पायाशी ठेवायचं आणि या घरून त्या घरी न्यायचं. गावात याला कोणी नावं ठेवत नाही. घरोघरी मातीच्या चुली. उलट लोक म्हणाले, पोरं शहाणी, भांडली नाहीत.

पण शहाण्यांची एक चूक झाली. बारा महिने दोघांत बराबर बसतात. दर तीनेक वर्षांनी पंचांगात एक महिना जास्तीचा येतो, अधिक महिना, ज्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो, तो वाटणीच्या दिवशी कोणाला आठवलाच नाही. कागदावर बांधावरच्या लिंबाच्या झाडाच्या फांद्यासुद्धा कोणाच्या ते लिहिलेलं, आणि आईचा एक अख्खा महिना लिहायचा राहिला!

मागच्या खेपेला अधिक श्रावण आला, त्याच्यामागं नेहमीचा, म्हणजे निज श्रावण. सोनाजीनं पंचांग उघडून दाखवलं, "दादा, श्रावण तुमचा हाय. अधिक असो का निज, श्रावण तो श्रावणच." वैजनाथ भोळा, मान हलवून मोकळा झाला. मनकर्णानं सलग दोन महिने काढले. यंदा आला अधिक ज्येष्ठ. ज्येष्ठही थोरल्याचाच! आता याला काय म्हणावं? दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो ह्या बाईच्याच दाराशी दर खेपेला कसा येतो, देव जाणे.

मनकर्णाची थोरली लेक संध्या जर्मनीत असते. हिंगोलीत नर्सिंग शिकली, संभाजीनगरला वर्षभर जर्मन भाषेचा क्लास लावला आणि दोन वर्षांपूर्वी विमानात बसली. तिकडं एका मोठ्या वृद्धाश्रमात ती म्हाताऱ्या माणसांचं करते. बायका विचारायच्या, लेक काय काम करती? मनकर्णा सरळ सांगायची, "मी इथं जे फुकट करून राहिले, ते ती तिथं पगारावर करून राहिली."

चैत्रात एका रविवारी संध्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं सकाळ, इकडं दुपार. मनकर्णा सासूचे कपडे पिळत होती, मोबाईल कट्ट्यावर टेकवून ठेवलेला.

"आई, मला कोर्ससाठी एक निबंध लिहायचाय. कोणत्या देशात म्हाताऱ्या माणसांची सोय कशी आहे, त्याची तुलना. जर्मनी लिहून झालं, जपान लिहून झालं. भारताचा रकाना तू सांग."

"मी काहून? सरकारला इचार."

"सरकारचं लिहिलं की. आईबापाला पोरं बघत नसली तर प्रांत ऑफिसात तक्रार करता येते, तसा कायदा आहे. निराधारची पगार आहे. पण घरात कोण करतं, किती तास करतं, ते कुठं लिहिलेलंच नाही. सांग, रोज किती तास?"

"तास?" मनकर्णाला हसू आलं. "झोपेत बी एक कान तिकडंच असतो. त्याचे किती धरशील?"

"बरं, शिकवलं कोणी तुला हे?"

"तुझ्या आजीनंच. त्या वरडल्या की समजायचं चुकलं."

आतून पार्वतीबाई ओरडली, "मी हाय अजून! ऐकू येतं मला!" दोघी मायलेकी हसल्या.

मग संध्यानं सांगायला घेतलं. जर्मनीत घरी माणूस येऊन तपासून जातो, म्हाताऱ्याला किती मदत लागते ते ठरवतो. घरच्या लेकीसुनेनं सांभाळलं तर विम्यातून पैसे मिळतात. आणि वर्षातून काही आठवडे तिला सुट्टी घेता येते, तेवढ्या दिवसांच्या बदली माणसाचा खर्चही त्यातूनच निघतो. जपानमध्ये चाळिशी झाली की सगळ्यांना या कामासाठी वर्गणी द्यावी लागते. तिकडं सकाळी दारात गाडी येते, म्हाताऱ्यांना केंद्रात घेऊन जाते आणि संध्याकाळी अंघोळ घालून घरी सोडते.

मनकर्णाचा पिळा हातातच राहिला. "अंघोळ घालून?"

"हो."

"गरम पाण्यानं?"

"हो गं आई."

सुट्टीचं ऐकून तिला काही वाटलं नव्हतं, सुट्टी तिनं कधी पाहिलीच नव्हती. पण दुसऱ्या कोणी घातलेली अंघोळ तिच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. पाण्याची बादली आपण उचललेली नाही, म्हातारी आपण धरलेली नाही, आणि तरी ती स्वच्छ होऊन दारात उतरते! मनकर्णानं हातातला पिळा पुन्हा एकदा करकचून पिळला.

"मग तिकडच्या म्हाताऱ्या खुशीत असतील."

संध्या म्हणाली, "माझ्याकडं एक आजी आहे. रोज विचारते, घरी कधी जायचं? मी रोज सांगते, उद्या. तिची लेक रविवारी फुलं घेऊन येते आणि अर्धा तास बसते. तीही थकलेलीच दिसते, काय बोलणार? आणि आमच्यात माणसं कमी पडतात आई. जपानात तेच. म्हणून तर आम्हाला बोलावतात, कोणी नेपाळची, कोणी केरळची, कोणी गोरेगावची. बरं, आता शेवटचा प्रश्न. तुला कुठं जायचं पडलं तर बदली माणूस कोण?"

मनकर्णानं कपडे झटकले. "ते कोरं ठेव."

वैशाख सरत आला तेव्हा सिद्धेश्वरहून तिच्या माईचा फोन आला. रुख्मिणीबाई पंच्याऐंशीची. डोळ्यांनी अंधुक दिसतं, चालणं भिंत धरून. नातवाच्या मोबाईलवर ती नेहमी गावभर ऐकू जाईल अशी बोलायची.

"मने! औंदा धोंडा हाय. मागल्या खेपेला न्हाई आलीस."

"आत्याबाई व्हत्या ना माय इथं." सासूला मनकर्णा आत्याबाई म्हणायची.

"म्या कुठं म्हणते न्हवत्या? म्या म्हणते, पुढला धोंडा मी काई बघत न्हाई. तीन वर्स कोणी दिलेत मला?"

धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवू घालतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण जेवणारे गावभर सांगतात. पण त्याच महिन्यात लेकीनं आईची ओटी भरायची असते, हे बायकांनाच ठाऊक. एरवी जन्मभर आई लेकीची भरते, ह्या एका महिन्यात लेकीनं भरायची. माय विधवा म्हणून हळदकुंकू राहू दे बाजूला. पण लुगडं, नारळ आणि तेहतीस अनारसे द्यायला कोणाची परवानगी लागते? मनकर्णानं तेव्हाच मनाशी ठरवलं, ह्या खेपेला जायचंच. मागच्या वेळचं लुगडं पेटीत तसंच पडलेलं होतं.

तिनं सेनगावला साधनाला, म्हणजे धाकट्या जावेला, फोन लावला. "बाई, फकस्त दोन दिवस ठेवा आत्याबाईला."

"जाऊबाई, ठेवलं असतं हो. पण आमचे जावई येऊन राहिले धोंड्याला, आन् मला बी माझ्या माईकडं जायचंय. माझी माय तर तुमच्या माईपेक्षा थकेल हाय."

मनकर्णाला साधनाचा राग येईना, तीच खरी तकलीफ. साधना खोटं बोलत नव्हती. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सोनाजीची जीप दारात लागली, पार्वतीबाई उतरली, गाठोडं उतरलं आणि जीप गेली.

दहा-बारा दिवस तसेच गेले. तांदूळ भिजले, दळले, गूळ घालून पीठ झालं, मनकर्णानं अनारसेही तळले. पण जाणार कशी? अनारशाचा डबा फळीवरून बघत राहायचा. एक दिवस पार्वतीबाईची कूस बदलताना मनकर्णाच्या डोळ्यांतलं पाणी म्हातारीच्या हातावर पडलं.

"घाम हाय," मनकर्णा म्हणाली.

"घाम डोळ्यातून येतो व्हय?" म्हातारी म्हणाली. "जा तू. तुझी माय वाट पाहून राहिली. अनारशाचा वास चार दिवसांपासून मला झोपू देईना."

"आन् तुमचं?"

"मी दोन दिवस कमी खाईन. पाणी बी कमी पिईन. म्हंजी तकलीफ कमी."

चार वर्षांत इतकं जिव्हारी लागेल असं म्हातारी काही बोलली नव्हती. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"काई कमी खायचं न्हाई," मनकर्णा तावातावानं म्हणाली. "आन् करंल कोण?"

"वैजनाथ करंल. म्या त्याचं केलं ना? त्यानं माझं लुगडं बदललं म्हणून आभाळ कोसळत न्हाई. बोलव त्याला."

वैजनाथ आला आणि ऐकून गोरामोरा झाला. पन्नास क्विंटल सोयाबीन पाठीवर वाहणारा गडी, आईच्या खाटेपुढं लेकरासारखा उभा. मग संध्यानं जर्मनीतून त्याला शिकवलं. "बाबा, आधी आजीचा गुडघा वाकवा. एक हात खांद्यामागं. ओढू नका, वळवा. आणि आजीला आधी सांगा, काय करताय ते." वैजनाथ मोबाईलकडं बघून "आई, आता वळवतो हं" असं म्हणाला आणि म्हातारी म्हणाली, "माझ्याकडं बघून सांग, मुडद्या!" पण वळवली त्यानं, बराबर वळवली.

"आई, बदली माणूस म्हणून बाबांचं नाव लिहू?"

"लिही. दोन दिवस, हे बी लिही."

दुसऱ्या दिवशी मनकर्णा गोरेगावहून जीपनं हिंगोलीला, तिथून एसटीनं औंढ्याला आणि औंढ्याहून दुसऱ्या जीपनं सिद्धेश्वरला पोचली. सगळ्या वाटेनं ती झोपली. डबा मांडीवर, हात डब्यावर. मायच्या जवळ जाऊन आडवं पडायचं, दोन दिवस कोणाची कूस बदलायची नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

तिच्या दोघा भावांची घरं एकमेकांना लागून, मध्ये जुना गोठा. थोरल्याच्या दारात थोरला भाऊ एकटाच बसलेला.

"वहिनी कुठं गेल्या?"

"माहेरी. धोंड्याला."

"आन् माय?"

दादानं पाण्याचा तांब्या पुढं केला. "चैत्र धाकट्याचा झाला, वैशाख माझा झाला. ज्येष्ठ म्हणशील तर धाकट्याचा. पण तो म्हणतो, हा अधिक हाय, ज्येष्ठ न्हवं, निज लागला की नेतो. आता ह्यावर भांडायचं का? आमी तोडगा काढला. मधी ठेवलं. सकाळची भाकर ह्या घरून, सांजची त्या घरून."

"मधी म्हंजी?"

दादानं गोठ्याकडं बोट केलं. मनकर्णा उठून गोठ्यात गेली.

जनावरं आता नव्हती गोठ्यात. फवारणीचा पंप, खताची पोती, आणि कडेला खाट. खाटेवर रुख्मिणीबाई बसलेली, पाय खाली सोडून. मांडीवर तिचं गाठोडं, गाठ मारलेलं. बांगड्यांचा आवाज ऐकून तिनं मान वर केली.

"म्हयना सरला का? कोणाकडं न्यायला आलीस?"

मनकर्णा खाटेजवळ येऊन थांबली.

"आगं बोल की. ह्या म्हयन्यात मी कोणाचीच न्हाई, असं पोरं म्हणत व्हती. गाठोडं बांधून ठिवलंय मी. कोणाकडं का असंना, चल."

"माय, मी हाय. मनी."

म्हातारीनं हात पुढं केला, चेहरा चाचपला. मग एकदम लाजली. "आगं बाई! आन् मी अशी गोठ्यात! बस, बस. हवा बरी येती हितं." लेकीपुढं पोरांची अब्रू झाकायची म्हणून ती हसत राहिली.

मनकर्णानं पदर खोचला. पाणी तापवलं, मायला अंघोळ घातली. पाठीला हात लावला आणि तिला कळलं. कमरेखाली रुपयाएवढी जखम होती, कातडं ओलं झालेलं. हे तिचंच क्षेत्र. अशी जखम कशानं होते, किती दिवसांत होते, हे तिला कोणत्याही देशाच्या नर्सइतकं ठाऊक होतं. पार्वतीबाईला चार वर्षांत अशी एकही होऊ दिली नव्हती तिनं. सासूला नाही, आणि मायला झाली!

नवं लुगडं नेसवून तिनं ओटी भरली. नारळ, अनारसे. मायनं एक अनारसा मोडून हिरड्यांनी चघळला. "जाळी पडलीय चांगली," ती म्हणाली. "आता मेले तरी चालंल."

"मरायचं न्हाई. माझ्यासंगं यायचं."

"लेकीच्या घरी? मुक्कामाला?" म्हातारी घाबरली. "आपल्यात कोणी गेलंय का? लोक पोरांना काय म्हणतील?"

मागं दादा येऊन उभा होता. "मने, आमची अब्रू जाईल."

"अब्रू खाट गोठ्यात टाकली तवा कुठं गेलती रे दादा?" मनकर्णा उसळली. चार वर्षांचा सगळा शीण तोंडावाटे आला. "चैत्र तुमचा, वैशाख तुमचा. बारा म्हयने घ्या, मी कवा मागितले? हा तेरावा तुमाला नको व्हता ना? मंग हा माझा. ह्याच्यात मी तिची लेक हाय आन् ती माझी माय."

दादानं मान खाली घातली. तो वाईट माणूस नव्हता. खरं सांगायचं तर त्याला हायसंच वाटलं होतं, आणि ते मनकर्णाला दिसलं.

तिनं घरी फोन लावला. वैजनाथचा आवाज पार खोल गेलेला. एकाच दिवसात गडी टेकीला आला होता. "मनकर्णा, तू रोज हे... कधी येतीस?"

"उद्या. पन एकटी न्हाई. माय हाय संगं."

मग वैजनाथ म्हणाला, "खाट कुठं टाकू?"

धोंड्याचा उरलेला महिना गोरेगावच्या त्या खोलीत दोन खाटा होत्या. पार्वतीबाई पहिल्या दिवशी फुगून बसली, "माझ्या म्हयन्यात दुसरी काहून?" तिसऱ्या दिवशी दोघी पंख्यावरून भांडल्या. पाचव्या दिवशी पार्वतीबाई वैजनाथला सांगत होती, "आधी तिला पाज पाणी, ती पाहुणी हाय." मनकर्णा दोन बादल्यांच्या जागी चार उचलत होती. जखम भरत आली. तिची स्वतःची कंबर मात्र इतकी दुखायची, की ती भाकरी भिंतीला टेकून थापायची. संध्यानं फोनवर विचारलं, "आई, सुट्टी कशी झाली?" मनकर्णा म्हणाली, "झाली." लेक पलीकडं रडली. मनकर्णा म्हणाली, "रडू नको, ड्युटीला उशीर होईल."

अमावास्या झाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात जीप लागली. निज ज्येष्ठ लागला होता, रुख्मिणीबाई धाकट्याच्या वाट्याला जाणार होती, आणि दोघंही भाऊ न्यायला आले होते. वेळेला चुकले नाहीत. मनकर्णा म्हणू शकली असती, राहू दे अजून महिनाभर. तोंडाशी आलंही. पण तिच्या कमरेनं ते गिळलं. आपल्याला बरं वाटतंय, दोन बादल्या कमी होणार म्हणून बरं वाटतंय, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःची शिसारी आली.

तिनं सीटवर गोधडी अंथरली. मायला वळवून कसं बसवायचं, कूस कधी बदलायची, औषध कुठं लावायचं, ते भावांना दोनदा करून दाखवलं. गाठोडं पायाशी ठेवलं. रुख्मिणीबाईनं चाचपडत लेकीचं मनगट धरलं.

"मने, पुढला धोंडा कवा?"

"तीन वर्सानं, माय."

म्हातारीनं बोटांवर काहीतरी मोजलं. मोठा सुस्कारा टाकला.

"मंग तवर जगावं लागंल म्हंजी."

जीप गेली. मनकर्णा दारात उभी राहिली, रस्ता मोकळा झाला तरी. आतून पार्वतीबाईची हाक आली. ती म्हणाली, "आले, आले," आणि सासूची कूस बदलायला आत गेली.